चिनी ग्रीन टी घरी चाखायचाय? मग एक नाही, दोन आणा

चिनी ग्रीन टी घरी चाखून बघायचा असेल तर एक पाकीट आणू नका, दोन आणा. हे अगदी मनापासून सांगतेय, कारण पहिली दोन वर्षं मी एकेकच पाकीट आणायचे, संपलं की पुढचं, आणि दर वेळी "हा बरा आहे" किंवा "हा जरा कडू आहे" याच्या पुढे मला काही सांगताच यायचं नाही. मग एका रविवारी घरात योगायोगाने दोन पाकिटं एकदम आली, दोन कप शेजारी शेजारी केले, आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. हापूस वेगळा खाल्ला आणि पायरी आठ दिवसांनी खाल्ली तर दोन्ही गोडच लागतात, पण एकाच ताटात दोन्हीच्या फोडी ठेवा, मग बघा किती बोलता येतं त्यावर. इंद्रायणी आणि आंबेमोहोर भाताचं तेच. चहाचं पण तंतोतंत तेच आहे.

आधी थोडक्यात, हा चहा होतो कसा ते. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसंच चहाचं पान खुडून ठेवलं की ते हळूहळू तांबूस-काळं पडायला लागतं, पानातल्या एन्झाइममुळे. काळ्या चहात हे मुद्दाम होऊ देतात. ग्रीन टीमध्ये होऊ द्यायचं नसतं म्हणून पानाला लवकर उष्णता देऊन ते एन्झाइम बंद पाडतात. जपानमध्ये बहुतेक वेळा वाफ देतात, म्हणून त्यांचा चहा गर्द हिरवा आणि पालेभाजीच्या वासाचा असतो. चीनमध्ये बहुतेक ठिकाणी तापलेल्या कढईत परततात (अपवाद आहेत, हुबेई प्रांतातला एन्शी युलू अजूनही वाफवून करतात). आणि परतलं म्हटलं की खमंगपणा आलाच, हे आपल्याला कोणी सांगायला नको, रवा भाजणाऱ्या माणसाला ते माहितीच असतं. तर चिनी ग्रीन टीत शोधायचं काय, तर कोवळ्या पानाचा हिरवेपणा आणि कढईचा खमंगपणा यांचा तोल, प्रत्येक गावाने तो वेगळा ठेवलाय.

पहिली जोडी कुठली घ्यायची? माझं ठाम मत, लाँगजिंग आणि बी लुओ चुन. दोन्ही प्रसिद्ध, दोन्ही कढईतले, पण स्वभाव एकदम उलटे. लाँगजिंग हा चच्यांग प्रांतातल्या हांगचौ शहराचा, तिथल्या वेस्ट लेक तळ्याच्या आसपासच्या डोंगरांवरचा, पानं कढईत हाताने दाबून दाबून चपटी केलेली असतात, तलवारीच्या पात्यासारखी गुळगुळीत. बी लुओ चुन शेजारच्या च्यांगसू प्रांतातला, ताईहू नावाच्या मोठ्या तळ्याकाठच्या तोंगथिंग डोंगरावरचा, तिथे चहाची झुडपं फळझाडांच्या मध्ये मध्ये लावलेली असतात, पानं अगदी बारीक, गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली आणि अंगावर पांढरी लव. याचं जुनं गावठी नाव होतं "घाबरवून टाकणारा सुगंध" अशा अर्थाचं, आणि कांगशी बादशहाला ते ओबडधोबड वाटलं म्हणून त्याने सध्याचं नाव दिलं अशी गोष्ट सांगतात. तिसरा घ्यायचा तर आन्हुई प्रांतातला हुआंगशान माओफेंग, हा शेवटी शेकून वाळवतात त्यामुळे कढईचा वास कमी आणि फुलाचा जास्त. आणि एक स्वस्तातला गनपावडर जरूर घ्या, गोळ्या गोळ्या वळलेला, मोरोक्कोत पुदिना घालून पितात तो हाच. त्याने बाकीच्यांची किंमत कळते, आणि तो पण वाईट नसतो, फक्त जरा रांगडा असतो, कधी कधी धुरकट.

पाकिटावर दोन गोष्टी बघा, कुठला आहे आणि कधी खुडलाय. चिनी पंचांगात छिंगमिंग नावाचा दिवस येतो ४ किंवा ५ एप्रिलच्या सुमाराला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आगेमागेच, त्याच्या आधी खुडलेल्याला मिंगछ्येन म्हणतात आणि तो सगळ्यात महाग. त्यानंतर २० एप्रिलच्या सुमाराला कु-यू येतो, त्याच्या आधीचा त्याहून स्वस्त. कारण साधं आहे, थंडीभर झाड निवांत असतं, पानात थिअॅनिन नावाचं अमिनो आम्ल साठलेलं असतं, त्याने चव गोडसर आणि भरलेली लागते, आणि ऊन वाढलं की पानातली कॅटेचिन नावाची द्रव्यं वाढतात, म्हणजे तुरटपणा वाढतो. पण मिंगछ्येनच्या मागे पहिल्याच वेळी लागू नका. आपल्याकडे आयात चहावर ड्युटी जबर आहे, आणि एप्रिलच्या मधला चहा शिकायला खरंतर जास्त चांगला, त्याला चव ठसठशीत असते. २५ ग्रॅमचं पाकीट पुरे, त्यात आठ वेळा चाखणं होतं.

आता सामान. एकसारखे पांढरे चिनी मातीचे कप किंवा छोटे बाउल, चार तरी. तुळशीबागेत नाहीतर रविवार पेठेत सहज मिळतात, आतून पांढरे शुभ्र बघून घ्या, नक्षी नको, कारण रंग बघायचाय. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही आणि ओठ भाजतात. सगळ्या कपांत पाणी सारखंच मावतं का ते एकदा मोजून बघा, माझ्या एका सेटमध्ये दिसायला सारखे असलेल्या कपांत २० मिलीचा फरक निघाला होता. गाळणी नवीन घ्या, रोजच्या चहाची नको, तिला आलं-वेलचीचा वास कायमचा बसलेला असतो, कितीही घासा. आणि सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा. हा काटा म्हणजे चैन वाटेल पण त्याच्याशिवाय तुलना खोटी होते, कारण गनपावडरचे ३ ग्रॅम म्हणजे एक चहाचा चमचा आणि लाँगजिंगचे ३ ग्रॅम म्हणजे पोह्याच्या चमच्याने चांगले शीग लावून, आणि बी लुओ चुन तर कापसासारखा, मापच लागत नाही त्याचं. चमच्याने मोजलंत तर एक कप दुप्पट कडक होणार आणि तुम्ही म्हणणार हा चहा कडू.

पाण्यावर जरा जास्त बोलते, कारण पुण्यात निम्मी गडबड इथेच होते. धरणाचं नळाचं पाणी तसं बरं आहे, फक्त क्लोरिनचा वास असेल तर रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा. पण आमच्यासारख्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी मिसळतं, आणि बोअरचं पाणी जड असतं, त्यात केलेला ग्रीन टी मळकट दिसतो, वर पातळ तवंग येतो, आणि सुगंध तर कुठे गायब होतो कळत नाही. दुसऱ्या टोकाला आरओचं पाणी, टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) अगदीच खाली आणलेला असेल तर चहा सपक लागतो, मीठ न घातलेल्या वरणासारखा. मी नळाचं फिल्टर केलेलं आणि आरओचं अर्धं अर्धं मिसळते, टीडीएस साधारण ६० ते ९० च्या मध्ये राहतं. माठातलं पाणी मात्र नको, मातीचा वास एरवी कितीही छान वाटला तरी या चहाच्या नाजूक वासावर तो चढतो. वेळ असेल तर एकच चहा तीन पाण्यांत करून बघा, बाकी सगळं सारखं ठेवून. माझ्या मते हा सगळ्यात डोळे उघडणारा प्रयोग आहे, महागडा चहा घ्यायच्या आधी करायचा.

आणि तापमान. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. ग्रीन टीला प्यायच्या कपासाठी ८० च्या आसपास पाहिजे. थर्मामीटर नसेल तर आंघोळीचं पाणी विसणतो तसं विसणायचं, तीन वाट्या उकळतं आणि एक वाटी खोलीतलं साधं पाणी, गणित केलं तर बरोबर ८० च्या जवळ येतं. थंडीच्या दिवसांत एखाद-दोन अंश खाली जाईल, चालतं. कप मात्र आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर गार कपच पाच-सात अंश खाऊन टाकतो.

प्रमाण ३ ग्रॅमला १५० मिली. हे मी ठरवलेलं नाही, चीनमध्ये व्यावसायिक परीक्षक हेच प्रमाण धरतात, पण ते पाणी उकळतं घेतात आणि ग्रीन टी ४ मिनिटं ठेवतात. उकळत्या पाण्यात एवढा वेळ ठेवला की चहाचे सगळे दोष बाहेर येतात, करपलेलं, जुनं, धुराचं, काहीही लपत नाही. म्हणजे ती परीक्षा आहे, तो प्यायचा कप नाही. घरी दोन्ही करावं असं मला वाटतं. नवीन पाकीट उघडलं की एकदा कडक परीक्षा, आणि मग ८० अंशाला ३ मिनिटं, आरामात. काही चहा परीक्षेत नापास दिसतात आणि ८० अंशाला फार गोड लागतात, बी लुओ चुनचं माझ्याकडे बरेचदा असं झालंय, म्हणून एकाच कपावरून निकाल देऊ नका.

चाखायची वेळ सकाळी ११ च्या आसपासची ठेवा, नाश्ता पचलेला, जेवण व्हायचंय. रिकाम्या पोटी अजिबात नको, पित्त होतं. घरात फोडणी चालू नको, उदबत्ती नको, हाताला वासाचा साबण नको, नुकतंच दात घासून बसायचं नाही. हे सगळं सोवळ्यासारखं वाटेल, पण एका हिंगाच्या फोडणीने आमची अख्खी सकाळ वाया गेलेली आहे. दोन चहांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला कोमट पाणी आणि चार चुरमुरे, बिनामिठाचे.

मग क्रमाने. आधी कोरडं पान. ताटलीत काढा, खिडकीजवळ नेऊन बघा, पानं एकसारखी आहेत का, चुरा किती आहे, रंग जिवंत आहे का. चांगला लाँगजिंग हिरवागार नसतो हे लक्षात ठेवा, तो पिवळसर हिरवा असतो, भाताच्या तुसासारखा. अगदी पोपटी एकसारखा दिसला तर मी जरा सावध होते. वास घ्यायची एक युक्ती, कप गरम पाण्याने विसळून रिकामा करायचा, त्यात कोरडं पान टाकून वर ताटली झाकायची, अर्ध्या मिनिटाने उघडून नाक जवळ न्यायचं. कोरड्या पानात लपलेला वास त्या उबेने वर येतो. मला हा क्षण सगळ्यात आवडतो, चहा प्यायच्याही पेक्षा.

मग पाणी. लाँगजिंगमध्ये पान आधी आणि पाणी वरून. बी लुओ चुनमध्ये उलटं, आधी कपात पाणी भरायचं आणि पान वरून सोडायचं, कारण पान इतकं कोवळं असतं की वरून धार पडली की भाजतं. पान वर क्षणभर तरंगतं आणि मग लव सोडत सोडत सरळ तळाला जातं. त्या लवेमुळे पाणी थोडं धुरकट दिसतं, ती घाण नाही, ती चांगली खूण आहे, माझ्या एका मैत्रिणीने ते बघून अख्खा कप ओतून दिला होता म्हणून सांगते.

तीन मिनिटांनी दुसऱ्या कपात गाळा. गाळल्या गाळल्या पिऊ नका, आधी गाळणीतल्या ओल्या पानाचा वास घ्या, गरम असताना एकदा आणि कोमट झाल्यावर परत एकदा. गरम असताना दोष ओळखू येतात, कोमट झाल्यावर गुण.

इथे आमच्या आत्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आत्या सदाशिव पेठेत राहते, वय ७४, आयुष्यभर साखर-दूध-आल्याचा चहा प्यायलेली. इंग्रजीत लाँगजिंगचं वर्णन वाचलं की सगळीकडे चेस्टनटचा वास म्हणून लिहिलेलं असतं. मी आयुष्यात चेस्टनट खाल्लेलं नाही, त्यामुळे मी दोन वर्षं तो वास शोधत होते जो मला माहितीच नव्हता. त्या रविवारी आत्या आलेली, मी तिच्यासमोर गाळणी धरली, काही न सांगता. तिने डोळे मिटले, परत एकदा हुंगलं आणि म्हणाली, "अगं, हा तर हुळ्याचा वास!" तिचं सासर जुन्नरकडचं, तिथे माघात ओल्या हरभऱ्याचे डहाळे शेतातच शेकोटीत भाजतात, घाटे करपतात आणि आतला दाणा हिरवाच राहतो, तो हुळा. मी परत वास घेतला. हिरवा दाणा आणि वरची करपलेली साल, दोन्ही एकदम. अगदी तेच. त्या दिवसानंतर मला लाँगजिंग डोळे मिटूनही ओळखता येतो. मग दुसरी गाळणी, बी लुओ चुनची, तर म्हणाली, "ह्याला भाजल्याचा नाही, ह्याला उकडल्याचा वास आहे. कणसं उकडलेल्या पाण्याचा." हेही बरोबर.

म्हणून माझं सांगणं एवढंच, वर्णनं बाहेरची घेऊ नका, आपल्या स्वयंपाकघरात शोधा. कोवळे मटार सोलतानाचा सालीचा वास, फुटाण्यांचा, तांदळाच्या पेजेचा, नुकतीच हिरवळ कापल्याचा, उकडलेल्या पालकाचा, ओल्या शेंगा भाजल्याचा, मुगाच्या कढणाचा. फुलाच्या वासाला पण आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, माओफेंगला लोक ऑर्किड म्हणतात, आम्हाला त्यात सायली आठवली, मोगरा नाही, मोगरा फार अंगावर येतो. जुन्या चहाचा वास जुन्या पुठ्ठ्याचा किंवा खवट पिठाचा येतो, आणि तो एकदा ओळखला की परत फसत नाही.

चव घेताना सरळ भुरका मारा, आमटीचा मारतो तसा, आवाज झाला तरी चालेल. भुरक्याने चहा जिभेवर सगळीकडे पसरतो आणि वास आतून नाकाकडे चढतो. घोट तोंडात दोन-तीन सेकंद फिरवा, मग गिळा, मग गप्प बसून रहा. चहा फार गरम असताना चाखायचा नाही, ५० अंशांच्या आसपास आला की चव खुलते, म्हणजे ओठाला सुखाने लागेल इतका.

आता कडू आणि तुरट. या दोन शब्दांबाबतीत आपण मराठी लोक फार नशीबवान आहोत, कारण आपल्या षड्रसांत तुरट हा वेगळा रस आहे, लहान मुलालाही कळतो. ग्रीन टी पिऊन "कडू आहे" म्हणणारे दहातले बरेच जण खरंतर तुरट म्हणत असतात. कारलं जिभेच्या मागे लागतं आणि राहतं, ते कडू. कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ-गाल आवळल्यासारखे होतात, कोरडं पडतं, ते तुरट, त्याला खरंतर चव म्हणण्यापेक्षा स्पर्श म्हणायला पाहिजे. कॅटेचिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात म्हणून तो कोरडेपणा येतो. चाखताना दोन्ही वेगवेगळे लिहा. थोडा तुरटपणा असायलाच पाहिजे, नाहीतर चहा पाणचट होतो. कडूपणा किती आहे यापेक्षा तो किती लवकर जातो ते बघा.

आणि तो गेल्यावर काय येतं ते तर फार महत्त्वाचं. चिनी लोक याला ह्वेइकान म्हणतात, म्हणजे परत येणारा गोडवा. समजवायला अवघड वाटेल, पण आवळा खाऊन पाणी प्यायलात ना कधी? शाळेच्या बाहेर मीठ लावलेला आवळा खायचा आणि मग नळाचं पाणी प्यायचं, ते पाणी गोड लागायचं. बस, तेच. घोट गिळून दहा-पंधरा सेकंदांनी घशात तसं गोड उमटलं तर चहा चांगला आहे, मग त्याची किंमत कितीही असो. मी वहीत याला "आवळा" असाच रकाना केलाय आणि ० ते ३ मार्क देते.

शेवटी गाळलेली पानं. पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घालून पसरा आणि बोटाने उलगडून बघा. कळी आणि एक-दोन पानं अख्खी एकत्र निघाली, सगळी एकाच मापाची, तर हाताने नीट खुडलेला आहे. तुकडे, दांडे, कडा लाल झालेल्या, तर काहीतरी गडबड. एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी वेस्ट लेकचा म्हणून लाँगजिंग मागवला होता, बऱ्यापैकी पैसे मोजून. कोरडा असताना चपटा, देखणा, काही कळायला मार्ग नव्हता. आधीच्या पाकिटातल्या उरलेल्या चहाशेजारी ठेवला तेव्हा याचं पाणी तपकिरीकडे झुकलेलं, वास पुठ्ठ्याचा, आणि ताटलीत पसरल्यावर मोठमोठी जून पानं, अर्धी फाटलेली, कळी जवळजवळ नाहीच. एकटाच प्यायले असते तर मी म्हटलं असतं, असतो बाबा असाच. चपटं पान करणं हे तंत्र आहे आणि ते चीनमध्ये बऱ्याच प्रांतांत करतात, त्यातले काही चहा चांगलेही असतात, पण मग ते त्या गावाच्या नावाने आणि त्या भावाने विकू नयेत. चीनमध्ये लाँगजिंग नावासाठी वेस्ट लेक, छ्येनथांग आणि युएचौ असे तीनच भाग मान्य आहेत, सगळे चच्यांग प्रांतातले, तर पाकिटावर यातलं काय लिहिलंय ते बघा, आणि काहीच लिहिलं नसेल तर तेही काहीतरी सांगतंच.

दोन-तीन रविवार झाले की स्वतःची परीक्षा घ्या. घरातल्या कोणाला तरी सांगा, तीन कप कर, दोनमध्ये एकच चहा आणि तिसऱ्यात दुसरा, कपांच्या खाली खडूने खूण करायची आणि कप फिरवून ठेवायचे. तुम्ही फक्त वेगळा कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एकदा ओळखला यावर समाधान मानू नका, पाच-सहा वेळा करा, वेगवेगळ्या दिवशी. लाँगजिंग आणि बी लुओ चुन पहिल्याच फेरीत ओळखू येतील. एकाच लाँगजिंगचे ७५ आणि ८५ अंशांचे कप ओळखायला मला दीड महिना लागला, आणि आत्याला दुसऱ्या दिवशी जमलं.

एकेक वेळी एकच गोष्ट बदला हा नियम सोडू नका. चहा बदलायचा तर पाणी, वजन, वेळ, तापमान सगळं तेच. तापमान बदलायचं तर चहा तोच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशामुळे पडला ते कळत नाही आणि वहीत लिहिलेलं सगळं फुकट जातं. वही ठेवाच. तारीख, चहा, कधीचा खुडलेला, पाणी कुठलं, मग वास, कडू, तुरट, आवळा, आणि एक ओळ मोकळी, जे सुचेल ते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्याचंही लिहा, तीच पानं परत वापरायची, वेळ थोडा वाढवत न्यायचा. बी लुओ चुनचं दुसरं पाणी मला पहिल्यापेक्षा सरस वाटतं, लाँगजिंग पहिल्याच पाण्यात सगळं बोलून टाकतो.

एका बैठकीत चारच्या वर कप नकोत. जीभ थकते, आणि कॅफिन पण यात असतंच, दुपारी चारनंतर बसलात तर रात्री जागे. सगळं गिळायची गरज नाही, बाजूला एक भांडं ठेवून थुंकलं तरी चालतं, परीक्षक तेच करतात. आणि जेवणाबरोबर ग्रीन टी नको, अन्नातलं लोह शरीराला कमी मिळतं, ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी तर जेवणाच्या आधी-नंतर तासभर अंतर ठेवावंच.

साठवण. इथे माझं एक अख्खं पाकीट गेलंय. माओफेंग होता, चांगला, मी तो स्टीलच्या डब्यात घालून फडताळात ठेवला, गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी. पंधरा दिवसांनी कप केला तर पहिल्याच भुरक्याला दगडफूल. पान दिसायला तसंच होतं, रंग तोच, पण वास पूर्ण मसाल्याचा झालेला, आणि तो परत निघत नाही, उन्हात ठेवा नाहीतर काही करा. ग्रीन टी वास भयंकर ओढून घेतो (म्हणून तर मोगऱ्याच्या फुलांत ठेवून जास्मिन टी करता येतो). तर पाकीट आलं की लगेच दोन भाग करा. रोजचा भाग छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, मसाल्यांपासून लांब, आणि तो महिन्याभरात संपवा. उरलेला जाड फॉइलच्या पिशवीत हवा काढून, सील करून, वर आणखी एक डबा, आणि फ्रिजमध्ये. बोहरी आळीत अशा पिशव्या सुट्या मिळतात. फ्रिजमधून काढल्यावर लगेच उघडू नका, तीन-चार तास तसाच बाहेर राहू दे, नाहीतर गार पानावर दमट हवेचं पाणी धरतं आणि पावसाळ्यात तर पाच मिनिटांत पान मऊ पडतं. जमलं तर श्रावणात दोन्ही भागांचे कप शेजारी ठेवून चाखा, तोच चहा, एक डब्यातला, एक फ्रिजमधला. जुना झाला म्हणजे नेमकं काय होतं ते याच्याइतकं स्पष्ट कशानेच कळत नाही.

पहिली जोडी पक्की झाली की पुढे आन्हुईची जोडी घ्या, ताइपिंग होउकुई आणि लुआन गुआपियान. होउकुई म्हणजे बोटाएवढं लांब सपाट पान, अंगावर कापडाच्या जाळीचा ठसा, १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात गाजलेला, तो उंच काचेच्या ग्लासात उभा करायचा, बाउलमध्ये बसतच नाही. गुआपियानमध्ये कळी नाही, दांडा नाही, नुसतं पान, आणि शेवटी कोळशाच्या मोठ्या आचेवर भाजलेला, त्यामुळे होउकुईच्या फुलाच्या वासासमोर तो एकदम खरपूस उभा राहतो. त्यानंतर आनजी बाई चा, नावात पांढरा चहा असला तरी हा ग्रीन टीच आहे, १९८० च्या दशकात एका जुन्या झाडाची कलमं करून वाढवलेला, वसंताच्या सुरुवातीच्या गारव्यात त्याची कोवळी पानं फिकट पांढुरकी येतात आणि त्यात अमिनो आम्लं नेहमीच्या ग्रीन टीपेक्षा बरीच जास्त, पिताना मुगाचं कढण आठवतं, तुरट जवळजवळ नाहीच. तो लाँगजिंगशेजारी ठेवायचा. नव्या हंगामाचा माल आपल्याकडे यायला मे उजाडतो, तेव्हा ऑर्डर मेच्या मध्यावर टाका म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत पाकिटं घरात येऊन सील होतात.